नफा कोपऱ्यात सापडतो

समजा, बिडकीनला पैठण रस्त्यालगत तुमचं लोखंडी फर्निचरचं छोटंसं वर्कशॉप आहे. तुळशीचं लग्न लागलंय, लग्नसराई तोंडावर आलीय आणि आसपासच्या गावांतून दोनच वस्तूंचा तगादा चाललाय: कपाट आणि पलंग. जेवढं कराल तेवढं खपणार, गिऱ्हाइकाची चिंता नाही. चिंता एकच. या आठवड्यात कपाटं किती करायची आणि पलंग किती?

यात काय अवघड आहे, असं वाटेल. एका कपाटामागे २,००० रुपये सुटतात, पलंगामागे १,५००. मग कपाटंच करावीत की! शहाण्यासुरत्या माणसाचं पहिलं उत्तर हेच असतं. ते चुकतं, आणि आठवड्याला ८,००० रुपयांनी चुकतं. कसं, ते बघायला शाळेतल्या आलेखाच्या कागदापलीकडे आपल्याला काही लागणार नाही. आणि त्या कागदावर जे दिसेल, त्याच्याच जोरावर तेलशुद्धीकरण कारखाने, विमान कंपन्या आणि मोटारींचे कारखाने आपलं रोजचं काम आखतात. या विद्येचं नाव लिनियर प्रोग्रॅमिंग. आपण रेषीय नियोजन म्हणू या.

आधी वर्कशॉपमध्ये डोकावू. पत्रा कापायच्या-वाकवायच्या मशीनवर आठवड्याला ८० तास मिळतात. एका कपाटाला तिथे ४ तास लागतात, पलंगाला २. वेल्डिंगचे मिळून ७२ तास आहेत. तिथे गणित उलटं: कपाटाला २ तास, पलंगाला ३. शेवटी रंगाची शेड. तिच्यात आठवड्याला ३२ नग रंगून वाळतात, मग ते कपाट असो की पलंग.

आता फक्त कपाटंच करून बघा. ८० भागिले ४, म्हणजे २० कपाटं, आणि पत्र्याचं मशीन संपलं. नफा ४०,०००. पण तिकडे वेल्डरांचे ७२ पैकी ४० तासच कामी आले. उरलेले ३२ तास ते तंबाखू मळत बसले, आणि पगार तर चालूच. बरं, फक्त पलंग केले तर? २४ पलंगांत वेल्डिंग संपतं, नफा ३६,०००, आणि या खेपेला पत्र्याचं मशीन ३२ तास रिकामं. म्हणजे एका टोकाला एक बसून राहतो, दुसऱ्या टोकाला दुसरा. उत्तर मध्ये कुठेतरी असणार, हे आता कळलं. पण मध्ये म्हणजे नेमकं कुठे?

मी बसून मोजलं. या तीन अटींत बसणाऱ्या, अख्ख्या नगांच्या एकूण ३३३ योजना निघतात. एक कपाट नि सात पलंग, नऊ कपाटं नि अकरा पलंग, आणि काहीच न करणं हीसुद्धा एक. आठवडा संपताना काही नग अर्धवट राहिले तरी चालतील असं म्हटलं, तर योजना अगणित. त्यातली सर्वांत फायद्याची एक वेचून काढायची आहे. कशी काढाल?

कागद घ्या. आडव्या अक्षावर कपाटं, उभ्यावर पलंग. पत्र्याच्या मशीनची अट ही एक सरळ रेषा होते: आडव्या अक्षावरच्या २० पासून उभ्यावरच्या ४० पर्यंत. रेषेच्या अलीकडचं जमतं, पलीकडचं नाही. वेल्डिंगची दुसरी रेषा, ३६ पासून २४ पर्यंत. दोन रेषा आणि दोन अक्ष मिळून एक चौकोनी तुकडा तयार होतो. चार बांधांचं वावरच म्हणा ना. वावराच्या आतला प्रत्येक बिंदू ही एक शक्य योजना, आणि बांधापलीकडे गेलात की ते दुसऱ्याचं रान. रंगाच्या शेडची तिसरी रेषा काढलीत, तर ती वावराला कुठेही न शिवता बाहेरूनच जाते. तिच्याकडे आपण परत येणारच आहोत, तिला विसरू नका.

आता एक पट्टी घ्या. ३०,००० रुपये नफा देणाऱ्या सगळ्या योजना एका सरळ रेषेवर येतात: १५ कपाटं, किंवा २० पलंग, किंवा त्यांच्या मधलं काहीही. तिथे पट्टी ठेवा. ३६,००० ची रेषा? अगदी समांतर, थोडी वर. ४०,००० ची आणखी वर. म्हणजे नफा वाढवणं म्हणजे पट्टी तिरकी न होऊ देता वर सरकवत नेणं, एवढंच. सरकवत राहा. पट्टी वावर ओलांडून जाते आहे, जाते आहे, आणि एक क्षण असा येतो की ती वावराला शेवटची शिवून सुटते. कुठे शिवते?

कोपऱ्यात. दुसरीकडे कुठे शिवणार? वावराच्या मधोमध असलात तर पट्टी वर सरकायला जागा आहेच. बांधाच्या मध्यावर असलात तर बांधाच्या कडेकडेने एका बाजूला चालत गेल्यावर नफा वाढतोच. थांबायला लागतं ते फक्त दोन बांध मिळतात तिथे. (पट्टी आणि बांध नेमके समांतर आले, तर अख्खा बांधच सारखा फायद्याचा. पण मग त्याच्या टोकांचे कोपरेही त्यात आलेच.)

क्षणभर थांबून बघा, काय झालं ते. अगणित योजना होत्या. त्यातल्या फक्त चार तपासायच्या उरल्या. पहिला कोपरा शून्य-शून्य, नफा शून्य. दुसरा २० कपाटं, ४०,०००. तिसरा २४ पलंग, ३६,०००. आणि चौथा, दोन रेषा एकमेकींना कापतात तो: १२ कपाटं, १६ पलंग. नफा ४८,०००. पत्र्याचं मशीन ८० पैकी ८० तास चालू, वेल्डर ७२ पैकी ७२ तास कामात. अनंताला चारवर आणून ठेवणारी युक्ती मला अजून जादूसारखी वाटते, आणि ती एका पट्टीने करता येते.

आणखी एक नवल याच कागदावर आहे. कपाटामागे २,००० सुटतात हा तुमचा अंदाज. पत्र्याचा भाव उतरला-चढला तर? हिशेब करा: पलंगाचे १,५०० कायम धरले, तर कपाटावरचा नफा १,००० ते ३,००० च्या दरम्यान कुठेही असला तरी उत्तर तेच राहतं, १२ आणि १६. पट्टीचा कल जरा बदलतो, पण ती शिवते त्याच कोपऱ्याला. म्हणजे अंदाज निम्म्याने चुकला किंवा दीडपट चुकला, तरी योजना बरोबर! कोपरे असे हट्टी असतात.

आता खरी मजा. मशीनवरचा कारागीर म्हणतो, मालक, आठ तास ओव्हरटाइम करतो, काय द्याल? तुम्ही काय सांगाल? बाजारात ओव्हरटाइमचा दर काय आहे ते लोक विचारतात. पण तुमच्यासाठी त्या आठ तासांची किंमत किती, हे बाजाराला कसं ठाऊक असणार? ते फक्त तुमच्या वर्कशॉपच्या आकड्यांना ठाऊक आहे. मशीनचे तास ८० चे ८८ करा आणि कोपरा पुन्हा काढा. नवा कोपरा: १५ कपाटं, १४ पलंग. नफा ५१,०००. बघितलंत? काम वाढवलं आणि पलंग दोनाने कमी झाले! तरी नफा ३,००० ने वाढला. कपाटं तीनने वाढली, त्यांना लागणारं वेल्डिंग दोन पलंगांच्या वाट्याचं काढून घेतलं, आणि हे सगळं कुणी न सांगता आकड्यांनी आपल्या आपण केलं.

आठ तासांचे ३,०००, म्हणजे तासाचे ३७५. पत्र्याच्या मशीनवरच्या जादा तासाची तुमच्यापुरती हीच खरी किंमत. त्याहून कमी द्यावे लागत असतील तर खुशाल ओव्हरटाइम द्या. जास्त मागत असेल तर नमस्कार करा. असंच वेल्डिंगचं काढलं तर तासाला २५० येतात. अर्थशास्त्रात याला शॅडो प्राइस म्हणतात, सावलीतली किंमत. ही कुठल्या पावतीवर छापलेली नसते, पण प्रत्येक टंचाईमागे सावलीसारखी उभी असते.

या किमती घेऊन काय काय करता येतं! कुणी येऊन म्हणालं, शोकेस बनवा, तीन तास पत्र्याचे आणि दोन तास वेल्डिंगचे लागतील. गुणाकार करा: तीन गुणिले ३७५ आणि दोन गुणिले २५०, मिळून १,६२५. शोकेसमागे एवढे सुटत नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. पुन्हा आलेख काढायचीही गरज नाही. किंवा समजा, एखादी मोठी कंपनी म्हणाली, आठवडाभर तुमचं अख्खं वर्कशॉपच आम्हाला भाड्याने द्या. किती मागाल? ८० तास गुणिले ३७५, म्हणजे ३०,०००. ७२ गुणिले २५०, म्हणजे १८,०००. बेरीज ४८,०००. ओळखीचा वाटतो ना आकडा? माल बनवून जास्तीत जास्त किती मिळेल, आणि माल न बनवता मशीनं कमीत कमी कितीला द्यावीत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक वरून खाली बघतो, दुसरा खालून वर. दोघे एकाच आकड्यावर येऊन भेटतात, आणि हे नेहमीच होतं. याला द्वैत म्हणतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आधी बेरीजच चुकली असेल म्हणून ती दोनदा तपासली होती.

आणि रंगाची शेड? तिची सावलीतली किंमत किती? ३२ नगांची सोय, रंगतात २८. चारची जागा रिकामीच आहे. तेहतिसाव्या नगाची सोय केलीत तरी नफ्यात दमडीची भर पडणार नाही. किंमत शून्य. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी आकडा हाच शून्य आहे. कारण नेमका त्याच दिवशी एक विक्रेता दारात येतो नि म्हणतो, साहेब, नवा कंप्रेसर, नवी स्प्रे गन, रंगकाम दुप्पट वेगाने. मशीन खरंच चांगलं असतं. आणि तुमच्या काही उपयोगाचं नसतं. चहा पाजा आणि वाटेला लावा.

हे सगळं सुचलं कुणाला? गोष्ट एका प्लायवूडच्या कारखान्यापासून सुरू होते. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच नावाचा गणिताचा तरुण प्राध्यापक होता. तिथल्या प्लायवूड ट्रस्टची माणसं त्याच्याकडे प्रश्न घेऊन आली: आमच्याकडे वेगवेगळी मशीनं आहेत आणि वेगवेगळी लाकडं. कुठलं लाकूड कुठल्या मशीनवर लावलं तर सर्वांत जास्त माल निघेल? तुमच्या कपाट-पलंगाचाच भाऊ. कांतोरोविचच्या लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या प्लायवूडचा नाही. शेतात कुठलं पीक घ्यावं, पत्रा कसा कापावा म्हणजे कमी वाया जाईल, माल कुठल्या रस्त्याने पाठवावा, सगळ्यांच्या पोटात तोच सांगाडा. १९३९ साली त्याने उत्पादनाच्या नियोजनावर एक पुस्तिका काढली. वय सत्तावीस. सावलीतल्या किमतीही त्याने त्यात शोधल्या होत्या. पण ज्या देशात किंमत सरकार ठरवतं, तिथे मशीनच्या तासाची किंमत गणितातून आपोआप निघते असं म्हणणं जरा जोखमीचंच होतं. पुस्तिका बरीच वर्षं बाहेरच्या जगाला ठाऊकच नव्हती.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग हवाई दलासाठी काम करत होता. सैन्यात शिक्षण, रसद, तैनाती यांच्या वेळापत्रकाला ‘प्रोग्रॅम’ म्हणत. म्हणजे या नावातला प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा नव्हेच, तो फौजेचा! १९४७ साली डँट्झिगने कोपरे शोधायची रीत काढली, सिम्प्लेक्स. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तो जॉन फॉन नॉयमन या महागणितज्ञाला भेटायला गेला. आपला प्रश्न फळ्यावर मांडतोय तोच फॉन नॉयमन उठला आणि दीड तास त्यालाच या विषयावर व्याख्यान दिलं. द्वैताची गोष्ट डँट्झिगने पहिल्यांदा ऐकली ती तिथे. फॉन नॉयमनने दुसऱ्याच एका विषयात, खेळांच्या गणितात, हाच सांगाडा बघून ठेवला होता.

रीत हाती आली, पण ती मोठ्या प्रश्नावर चालते का? त्यासाठी एक तयार प्रश्न सापडला. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली विचारलं होतं: ७७ पदार्थांतून, ९ पोषक घटकांची गरज भागवून, माणूस वर्षभर कमीत कमी किती खर्चात जगेल? त्याने अंदाजपंचे, पण हुशारीने, ३९.९३ डॉलर असं उत्तर काढलं. १९४७ मध्ये नऊ कारकून हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर बसले. सगळ्यांचे मिळून १२० दिवस खर्ची पडले. सिम्प्लेक्सचं उत्तर आलं ३९.६९ डॉलर. वर्षाला चोवीस सेंटचा फरक! स्टिग्लरचा अंदाज धन्य म्हणायचा. आज तोच प्रश्न खिशातला फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवतो.

पुढे डँट्झिगला वजन कमी करायचं होतं. त्याने आपला आहार कॉम्प्युटरला ठरवायला सांगितला: पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटू दे, पण उष्मांक मर्यादेत राहू देत. उत्तर आलं. बाकी पदार्थ ठीक होते, पण सोबत ५०० गॅलन व्हिनेगर प्या, असं होतं. म्हणजे सुमारे १,९०० लिटर! त्याने व्हिनेगर यादीतून काढलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, रोज सूपच्या २०० खारट वड्या खा. हसू येतं, पण चूक कॉम्प्युटरची नव्हती. माणूस व्हिनेगरचा हौद पिऊ शकत नाही, ही अट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. आपल्याकडे नव्या सुनेला ‘मीठ चवीपुरतं’ एवढंच सांगून भागतं. गणिताला चव म्हणजे किती चमचे, तेही सांगावं लागतं.

सिम्प्लेक्स चालते कशी, ते आता बघायलाच हवं. आपल्या वावराला चार कोपरे होते, सगळे बघून टाकले. पण ५० वस्तू आणि ५० अटी असतील तर? तपासायच्या संभाव्य जागा होतात १ वर २९ शून्यं, इतक्या. सेकंदाला अब्ज जागा तपासणारा कॉम्प्युटर लावलात, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दोनशेहून अधिक पट वेळ लागेल. आणि ५० वस्तू म्हणजे काही फार नाहीत, बरा कारखाना याहून कितीतरी जास्त करतो.

इथे देवगिरीचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. सिम्प्लेक्स एका बुरुजावर उभी राहते आणि शेजारच्या बुरुजांकडे बघते. एखादा उंच दिसला की तटावरून चालत तिकडे जाते. तिथून पुन्हा तेच. शेजारी एकही बुरूज उंच दिसला नाही की थांबते, आणि म्हणते, हाच किल्ल्यातला सर्वांत उंच. अहो, पण डोंगर चढणाऱ्याला विचारा. माथ्यावर आलो असं वाटावं आणि समोर दुसरं, याहून उंच टेकाड दिसावं, हे किती वेळा होतं! सिम्प्लेक्सला तसं होत नाही. का? कारण या वावरात दोन चालणाऱ्या योजना घ्या, आणि अर्धा आठवडा एक नि अर्धा आठवडा दुसरी करा, तर ती मिसळही चालतेच. म्हणजे कुठल्याही दोन बिंदूंमधली वाट वावराच्या आतूनच जाते, मध्ये दरी येत नाही. आणि दरी नसली की खोटं शिखरही नसतं. प्रत्यक्षात तर ही रीत बहुतेक वेळा अटींच्या संख्येच्या दोन-तीन पट पावलांतच शिखर गाठते. विश्वाच्या वयाचं काम, आणि शे-दीडशे पावलं!

पण १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी या दोघांनी खोडी काढली. त्यांनी मुद्दाम वाकडातिकडा केलेला एक ठोकळा रचला, ज्याच्या एकूण एक कोपऱ्यातून सिम्प्लेक्सला फिरून यावं लागेल. पन्नास मितींचा ठोकळा घेतला तर कोपरे दहा लाख अब्जांहून जास्त. रोजच्या कामात असा ठोकळा भेटत नाही, पण तो आहे, हे कळल्यावर गणितज्ञांना झोप कशी यावी? १९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने एक अशी रीत दिली जी कागदावर कधीच फसत नव्हती. प्रत्यक्षात मात्र ती इतकी संथ होती की सिम्प्लेक्सने वळूनही बघितलं नाही.

आणि इथे आपला माणूस येतो. नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला जन्म, १९७८ साली आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनियर, पुढे बर्कलीची डॉक्टरेट आणि मग बेल लॅब्जमध्ये नोकरी. १९८४ साली, तिशीही ओलांडायच्या आत, त्याने विचारलं: तटावरून फिरायचंच कशाला? किल्ल्याच्या आतून का जाऊ नये?

देवगिरी ज्यांनी पाहिलाय त्यांना अंधारी आठवेल. बाहेरचा कडा तासून गुळगुळीत केलेला, वर जायला वाट नाही. वाट आहे ती खडकाच्या पोटातून. करमरकरांची वाटही पोटातून जाते. पण आत भिंतीला चिकटलात की अडकलात, मोठं पाऊल टाकता येत नाही. म्हणून त्यांनी काय केलं? प्रत्येक पावलाआधी अख्खा किल्लाच असा ताणला-वाकवला की आपण उभे आहोत ती जागा बरोबर मधोमध यावी, सगळ्या भिंती दूर जाव्यात. मग उंचीच्या दिशेने एक लांब ढांग. पुन्हा किल्ला वाकवा, पुन्हा मधोमध, पुन्हा ढांग. चालणाऱ्याने जागा बदलायची, हे सगळ्यांना सुचतं. किल्ल्यानेच आपल्याभोवती सरकायचं, हे सुचायला करमरकर लागले. ही रीत कागदावरही फसत नव्हती आणि प्रत्यक्षातही पळत होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची रीत आणि पहिलं पान! बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने तिचं पेटंटही घेतलं, ते १९८८ साली मंजूर झालं, आणि गणिताचं पेटंट घेता येतं का, यावर जोराचा वाद पेटला. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वाटा असतात, तटावरची आणि पोटातली. प्रश्न बघून ते ठरवतं.

कांतोरोविचला १९७५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच विषयावर काम केलेल्या त्यालिंग कूपमन्सबरोबर. डँट्झिगला मिळालं नाही. मला अजूनही ते खटकतं.

असो, बिडकीनला परत येऊ. तुमच्या वर्कशॉपपासून जवळच ऑरिक या औद्योगिक शहराचा बिडकीनचा भाग पसरलाय. एकूण ७,८५५ एकर. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. ई-स्कूटरवाल्या एथरने आणि टोयोटा किर्लोस्करने त्याच वर्षी इथे कारखाने काढायचं जाहीर केलं. अशा कारखान्यात कुठलं मॉडेल कुठल्या आठवड्यात किती, कुठला सुटा भाग किती मागवायचा, कुठल्या पाळीत काय, असे हजारो ‘किती’ असतात आणि अटीही हजारो. पण आत डोकावलंत तर तिथे तुमचीच कपाटं आणि पलंग आहेत, फक्त कागदाला दोनऐवजी हजारो अक्ष आहेत. चित्र काढता येत नाही. कोपरे मात्र तिथेही आहेत.

आणि अटी फक्त मशीनच्या नसतात. या पट्ट्याला पाणी जायकवाडीचं. या धरणाच्या नाथसागर जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, आणि त्यावर डोळा लावून बसलेले तिघे: पिण्याचं पाणी, शेती, उद्योग. वाटपाचं गणित मांडलंत तर तीच गंमत दिसेल. धरण काठोकाठ आहे आणि सगळ्यांची गरज भागून पाणी उरतंय, तोवर जादा थेंबाची सावलीतली किंमत शून्य. टंचाईच्या वर्षी तोच थेंब एकदम महाग होतो, पाणीपट्टीचा दर तोच असला तरी. शेतकऱ्याला हे शिकवायला जाऊ नका. कपाशीला शेवटचं पाणी द्यावं की मोसंबीची बाग जगवावी, हा हिशेब तो बांधावर उभा राहून करत आलाय.

एक कबुली द्यायला हवी. आपल्या उदाहरणात १२ आणि १६ असे अख्खे आकडे आले, कारण मी आकडे तसे निवडले. खऱ्या आयुष्यात ११.४ कपाटं असं उत्तर येतं, आणि ०.४ कपाट कुणी लग्नात देत नाही. मग वाटेल, पूर्णांकात केलं की झालं. तसं होत नाही. ‘अख्खेच नग हवेत’ एवढी एक साधी अट घातली की प्रश्न एकदम कितीतरी अवघड होतो, गुळगुळीत वावराच्या जागी सुटे-सुटे दगड उरतात. शिवाय रेषीय म्हणजे सरळ: दुप्पट मालाला दुप्पट वेळ, दुप्पट नफा. पण कपाटावरून पलंगावर जाताना मशीनची जुळवाजुळव करण्यात तास जातो, घाऊक घेणारा भाव पाडून मागतो. तिथे रेषा वाकतात. तरी पहिला नकाशा म्हणून सरळ रेषेसारखी गोष्ट नाही. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय असते. तिच्यात आपले हे मोजके आकडे भरून बघा, ती १२ आणि १६ सांगेल.

आणि सांगितलं की लगेच फाइल मिटू नका. लग्नसराई जोरात आहे. कारागीर ३७५ पेक्षा स्वस्तात ओव्हरटाइम करायला तयार आहे, म्हणून तुम्ही मशीनचे तास वाढवत नेता. ८८, ९६, १०४. दर तासाला ३७५ रुपये इमानेइतबारे वाढतात. ११२ तासांवर योजना होते २४ कपाटं, ८ पलंग, नफा ६०,०००. आणि बेरीज बघा: २४ आणि ८, बत्तीस. रंगाची शेड भरली! इतके दिवस वावराबाहेरून जाणारी ती तिसरी रेषा आता बांध झाली. तुम्ही तास वाढवून १२० वर नेता, २८ कपाटं आणि ४ पलंग होतात, नफा ६२,०००. पण त्या ११२ च्या पुढे जादा तासामागे मिळालेत २५०च. वेल्डरांचे चार तास रिकामे पडलेत, त्यांच्या जादा तासाची किंमत आता शून्य. आणि रंगाच्या शेडमध्ये फक्त एका जादा नगाची सोय केली तर? २७ कपाटं, ६ पलंग, ६३,०००. एका नगाच्या जागेचे १,००० रुपये.

त्या दिवशी चहा पाजून वाटेला लावला होता ना, त्या कंप्रेसरवाल्याचं कार्ड टेबलाच्या खणात असेल. शोधा.